सिल्लोडचं मत आणि आम्ही बाहेरगावचे मतदार

२०२४ च्या १९ नोव्हेंबरच्या रात्री पुण्याहून औरंगाबादला जाणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी विधानसभेचं मतदान होतं. माझ्या शेजारी उभा असलेला मुलगा कन्नडचा, पुण्यात गोदामात कामाला. मागच्या सीटवरचे दोघे फुलंब्रीचे. मी सिल्लोडचा. आम्हा सगळ्यांची रोजीरोटी पुण्यात आणि मतदार यादीतलं नाव गावात. पहाटे औरंगाबादला उतरलो, जळगाव रस्त्याची एसटी पकडली आणि सकाळी घरी पोचलो. अम्मीने चहा पुढे केला. चाचा ओट्यावर बसलेलेच होते. म्हणाले, "तो बेटा, क्या तय किया?"

मी मत देऊन आलो. कुणाला दिलं ते चाचांना सांगितलं नाही आणि इथेही सांगणार नाही. हा लेख कुणाला मत द्यावं याबद्दल नाही. आमच्यासारख्या छोट्या गावांचं मत कसं ठरतं, त्या मताचा हिशोब कोण ठेवतं, आणि पुण्यात बसून गावाला शहाणपण शिकवणाऱ्या माझ्यासारख्यांचा त्या मतावर हक्क किती, एवढाच त्याचा विषय आहे.

माणसं तीच, निशाण्या वेगळ्या

सिल्लोड हे औरंगाबाद जिल्ह्यातलं (कागदोपत्री आता छत्रपती संभाजीनगर) तालुक्याचं गाव. मका, कापूस, मिरची ही इथली पिकं. अजिंठ्याची लेणी बघायला जाणारे लोक गावातून जातात, पण थांबत नाहीत. विधानसभेला आमच्या मतदारसंघात सोयगाव तालुकाही येतो. लोकसभेला मात्र आम्ही औरंगाबादमध्ये नाही, जालन्यात आहोत.

आता गेल्या तीन विधानसभा निवडणुका ओळीने पाहा.

२०१४ ला काँग्रेसचे अब्दुल सत्तार विरुद्ध भाजपचे सुरेश बनकर अशी लढत झाली. सत्तार सुमारे १४ हजारांनी जिंकले. २०१९ ला सत्तार काँग्रेसमधून बाहेर पडून शिवसेनेत गेले, धनुष्यबाणावर उभे राहिले आणि अपक्ष प्रभाकर पालोदकरांचा सुमारे २४ हजारांनी पराभव करून पुन्हा आमदार झाले. २०२२ ला शिवसेना फुटली तेव्हा ते एकनाथ शिंदेंबरोबर गेले. २०२४ ला पुन्हा सत्तार विरुद्ध बनकर. या वेळी सत्तार महायुतीचे, शिंदेंच्या शिवसेनेचे. आणि दहा वर्षांपूर्वी कमळावर लढलेले बनकर आता उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेचे, म्हणजे महाविकास आघाडीचे. सत्तारांना १,३७,९६० मतं मिळाली, बनकरांना १,३५,५४०. फरक २,४२० चा.

म्हणजे फक्त पक्ष पाहून मत देणाऱ्या सिल्लोडकराला दहा वर्षांत आपलं मत सत्तारांकडून बनकरांकडे न्यावं लागलं असतं. आणि माणूस पाहून मत देणाऱ्याला त्याच काळात पंजा सोडून धनुष्यबाणाचं बटण दाबावं लागलं. आमच्या मोहल्ल्यातल्या बहुतेकांनी दुसरा रस्ता धरला.

यात लोकसभेचं चित्र मिळवा. जालन्यातून भाजपचे रावसाहेब दानवे १९९९ पासून सलग पाच वेळा निवडून आले. २०१९ ला ते तीन लाखांहून अधिक मतांनी जिंकले. २०२४ च्या १३ मे रोजी मतदान झालं आणि काँग्रेसचे कल्याण काळे जवळपास १ लाख १० हजार मतांनी जिंकले. त्या वेळी सत्तार दानवेंच्याच महायुतीत मंत्री होते. मे महिन्यात आमच्या गल्लीत सगळी चर्चा पंजाची होती, नोव्हेंबरमध्ये पुन्हा सत्तारांची. मधे फक्त सहा महिने गेले होते.

खान आणि बाण

हे किती विचित्र आहे ते कळायला थोडं मागे जावं लागेल. १९८८ ला औरंगाबाद महापालिकेची पहिली निवडणूक झाली आणि शिवसेना मोठी ताकद म्हणून पुढे आली. त्याच वर्षी मे महिन्यात शहरात दंगल झाली. तेव्हापासून औरंगाबादच्या राजकारणात एक घोषणा ऐकू येत राहिली: "खान हवा की बाण हवा?" माझ्या लहानपणी आमच्या घरी धनुष्यबाणाचं चित्र म्हणजे भीती. अब्बा शहरात कामाला जायचे. त्या निशाणीची मिरवणूक असेल त्या दिवशी ते घरी येईपर्यंत अम्मी जेवायची नाही.

आणि २०१९ ला त्याच घरातल्या लोकांनी बाणाचं बटण दाबलं, कारण सिल्लोडमध्ये बाण हातात घेऊन उभा असलेला माणूस मुसलमान होता. शहराला जी निवड करायला लावली जात होती, ती आमच्या गावात एकाच मतपत्रिकेवर, एकाच ओळीत आली.

२०२४ ला ही गंमत आणखी वाढली. राज्यभर महायुतीचे मोठे नेते 'व्होट जिहाद' आणि 'बटेंगे तो कटेंगे' म्हणत फिरत होते. त्याच महायुतीच्या सिल्लोडच्या उमेदवाराला मात्र मुसलमानांची मतं हवी होती. आणि समोरच्या महाविकास आघाडीच्या उमेदवाराला, म्हणजे लोकसभेला मुसलमानांनी ज्या आघाडीला मत दिलं तिच्याच उमेदवाराला, आमच्या मोहल्ल्यात फारसं कोणी विचारत नव्हतं.

पुण्यात माझ्या ऑफिसमध्ये मी हे सांगतो तेव्हा दोन प्रतिक्रिया येतात. एक मित्र म्हणतो, "म्हणजे शेवटी तुम्ही धर्म बघूनच मत देता." दुसरा, जो स्वतःला पुरोगामी म्हणवतो, तो म्हणतो, "म्हणजे तुम्ही विकले गेलात." दोघेही सिल्लोडला कधी आलेले नाहीत.

पहिल्याला उत्तर आकड्यांतच आहे. सिल्लोड मतदारसंघात मुसलमान अल्पसंख्य आहेत. १,३७,९६० मतं एका समाजाची असू शकत नाहीत. ती मराठा शेतकऱ्यांची आहेत, दलितांची आहेत, तांड्यावरच्या बंजारांची आहेत, भिल्ल वस्तीतली आहेत आणि आमची आहेत. आज २८८ जणांच्या विधानसभेत मुस्लिम आमदार फक्त १० आहेत, राज्याच्या लोकसंख्येत आपण २०११ च्या जनगणनेप्रमाणे साडेअकरा टक्के असताना. त्यांतले बरेचसे मुंबई, मालेगाव, अकोला अशा शहरांतून, मुस्लिम वस्ती दाट असलेल्या भागांतून येतात. ग्रामीण भागातून, हिंदू बहुसंख्य मतदारांच्या जोरावर निवडून येणारे दोनच म्हणता येतील: सिल्लोडचे सत्तार आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागलचे हसन मुश्रीफ, जे १९९९ पासून सलग सहा वेळा जिंकले. या दोन्ही ठिकाणी हिंदू शेतकऱ्यानेही माणूस पाहून मत दिलं. आपण धर्म बघतो असं म्हणायचं, तर मग त्या शेतकऱ्याने काय बघितलं?

चाचांचं गणित

दुसऱ्या आरोपाला, विकले गेल्याच्या, उत्तर चाचांनी दिलं. मतदानाच्या दिवशी दुपारी जेवताना मी जरा चढ्या आवाजात विचारलं की मे महिन्यात संविधान वाचवायला मत दिलं, मग आता काय झालं? चाचा शांतपणे म्हणाले, "लोकसभा में दिल्ली देखते. विधानसभा में आदमी देखते. नगरपरिषद में गल्ली देखते. तीनों एक कैसे होंगे?"

मग त्यांनी बोटं मोजली. सातबाऱ्यावर चूक झाली तर तहसीलला कुणाचा फोन जातो? शेजारच्या बेवा बाईचं संजय गांधी निराधारचं प्रकरण अडकलं तर? रात्री दोनला पेशंट घाटीत न्यायचा असेल तर? पोरगा भांडणात सापडला आणि पोलीस स्टेशनात बसवून ठेवला तर? दिल्लीचा खासदार यातलं काहीच करत नाही. आमदार करतो, किंवा त्याचा माणूस करतो. आणि तो माणूस आपल्या गल्लीत राहत असेल तर रात्री दोनलाही दार वाजवता येतं.

मी इंजिनिअर आहे, मला हे गणित समजतं. ज्याचा रोज सरकारी कागदाशी संबंध येतो त्याच्यासाठी हे मत अगदी तर्काला धरून आहे. विचारसरणीची चैन मला परवडते, कारण माझं रेशन कार्ड, माझा दवाखाना, माझा पासपोर्ट यांतलं काहीही कुणाच्या फोनवर अवलंबून नाही. कंपनीचा मेडिक्लेम आहे. चाचांकडे तो नाही. मे महिन्यात त्यांनी संविधानासाठी मत दिलं ते खरं होतं, नोव्हेंबरमध्ये निराधारच्या प्रकरणासाठी दिलं तेही खरं होतं.

बाहेरून पाहणारा म्हणतो की मुसलमान एकगठ्ठा मत देतात. आमचा मोहल्ला त्याच वर्षी दोन वेळा, दोन उलट्या दिशांना गेला. आणि तसं करणारा तो एकटा नव्हता. जालन्यात दानवे हरले त्यामागे फक्त मुस्लिम मत नव्हतं. कापूस-सोयाबीनचे भाव होते. अंतरवाली सराटी याच जिल्ह्यातली, मराठा आरक्षणाचा राग होता. मंगेश साबळे नावाच्या अपक्षाने दीड लाखाहून अधिक मतं घेतली. आणि विधानसभेला स्थानिक भाजपमधल्या अनेकांची सत्तारांवरची नाराजी लपून राहिली नव्हती. म्हणजे महायुतीचेही मतदार मे आणि नोव्हेंबरमध्ये वेगळे वागले. छोट्या गावाचं मत असंच असतं. ते तीन मजल्यांवर राहतं.

मग माझी तक्रार काय आहे?

इथवर मी चाचांच्या बाजूने बोललो. आता माझी बाजू.

चाचांनी बोटांवर मोजलेल्या चारही गोष्टी मेहरबानीच्या नाहीत, हक्काच्या आहेत. निराधार योजना सरकारची आहे. सातबारा दुरुस्त करून देणं तलाठी-तहसीलदाराचं काम आहे. पोलिसांनी कुणाला किती वेळ बसवायचं याचे नियम आहेत. आपण ज्याला 'काम करणारा माणूस' म्हणतो, तो बऱ्याचदा आपलाच हक्क आपल्याला मिळवून देतो आणि आपण त्याचे उपकार मानतो. यात त्या माणसाचा दोष मी धरत नाही. कुठल्याही पक्षाचा, कुठल्याही धर्माचा आमदार हेच करतो, कारण मतदार त्याच्याकडून हेच मागतो.

पण याची किंमत आहे. अख्ख्या मोहल्ल्याचं संरक्षण, नोकरी, दवाखाना, पाणी जेव्हा एका माणसाच्या असण्यावर टांगलेलं असतं, तेव्हा त्या माणसाला प्रश्न विचारायची हिंमत उरत नाही. तो पक्ष बदलतो, आपण निशाणी बदलतो. तो कोणत्या व्यासपीठावर बसतो आणि तिथे आपल्याबद्दल काय बोललं जातं, ते आपण ऐकून न ऐकल्यासारखं करतो. आणि तो कधीतरी हरणार असतो. २,४२० चा फरक म्हणजे १,२११ लोकांनी मन बदललं असतं तर निकाल फिरला असता. दोघांना मिळून २,७३,५०० मतं पडली होती. त्यातली १,२११. त्या दिवशी निकाल उलटा लागला असता, तर दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीकडे काय उरलं असतं? कुणाचा तरी दुसरा नंबर शोधणं, एवढंच. जिंकूनही डिसेंबर २०२४ च्या मंत्रिमंडळात सत्तारांना जागा मिळाली नाही. माणसाचं पद जातं. अर्ज कसा करायचा, अपील कुठे करायचं हे आपल्याला माहीत असेल तर ते जात नाही.

याच निवडणुकीत आमच्या घरात एक नवी गोष्ट घडली. लाडकी बहीण योजनेचे दीड हजार भाभीच्या खात्यावर थेट येत होते. योजना निवडणुकीच्या तोंडावर का आली हे तिलाही कळत होतं. पण त्या पैशासाठी तिला कुणाच्या ओट्यावर जाऊन उभं राहावं लागलं नव्हतं. आणि त्या दिवशी केंद्रावरून आल्यावर चाचांनी विचारलं तेव्हा पहिल्यांदाच ती म्हणाली, "मेरा वोट है, मैं देके आई." चाचा हसले, पण थोडे गप्पही झाले. हक्काने मिळणाऱ्या गोष्टीचा आवाज कसा वेगळा असतो ते मला तिथे कळलं.

मोहल्ल्याचं मत गुप्त नसतं

निकालानंतर मी एक उद्योग केला. निवडणूक आयोग प्रत्येक मतदान केंद्राचा निकाल 'फॉर्म २०' नावाच्या तक्त्यात जाहीर करतो. कुणालाही तो उतरवून घेता येतो. पानं स्कॅन केलेली असतात, आकडे तिरके छापलेले असतात, मशीनला नीट वाचता येत नाहीत. दोन शनिवार-रविवार घालवून मी ते एक्सेलमध्ये आणले आणि आमच्या शाळेचं केंद्र शोधलं.

आमच्या मोहल्ल्याचे आकडे मी इथे मुद्दाम देत नाही, आणि कारण हेच माझं म्हणणं आहे. एका केंद्रावर साधारण हजार-बाराशे मतदार असतात. छोट्या गावात एक केंद्र म्हणजे जवळजवळ एक मोहल्ला. माझं मत गुप्त आहे, पण माझ्या मोहल्ल्याचं मत निकालाच्या कागदावर उघडं पडलेलं असतं. जे मी लॅपटॉपवर दोन आठवड्यांत केलं, ते प्रत्येक उमेदवाराचा माणूस निकालाच्या रात्रीच करतो.

कागदी मतपत्रिकांच्या काळात वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मोजणीआधी एकत्र मिसळायची सोय नियमात होती. मतदान यंत्रं आली आणि ती सोय गेली. १४ यंत्रांची मतं एकत्र मोजणारं 'टोटलायझर' यंत्र वापरावं असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ ला दिला. विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात तीच शिफारस केली. सरकारने ती मान्य केली नाही.

हे का महत्त्वाचं आहे ते २०१९ ला उत्तर प्रदेशातल्या सुलतानपुरात दिसलं. मनेका गांधींनी मुस्लिम मतदारांपुढे सांगितलं की मत दिलं नाहीत तर कामासाठी येताना विचार करा. मतांच्या प्रमाणात गावांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी करून त्या क्रमाने काम करण्याची भाषाही त्यांच्या प्रचारात आली. निवडणूक आयोगाने त्यांच्या प्रचारावर ४८ तासांची बंदी घातली. त्या उघड बोलल्या म्हणून बातमी झाली. न बोलता अशी यादी ठेवणाऱ्याची बातमी होत नाही.

आपल्या तरुणांनी मागणी करायची असेल तर ही करावी. टोटलायझरची मागणी फक्त मुसलमानांची नाही. एक केंद्र म्हणजे एक वस्ती असलेल्या प्रत्येक दलित वस्तीची, तांड्याची, पाड्याची ती मागणी आहे. आणि तोवर आपल्या हातात जे आहे ते आपण करू शकतो: मतदानाच्या आदल्या दिवशी 'अमुक मोहल्ल्याचा अमुकला पाठिंबा' असे फलक आणि मेसेज टाकणं बंद करणं. ठरलेल्या मताला कुणी विचारत नाही. ज्याला ते मिळणार असतं तो गृहीत धरतो, ज्याला मिळणार नसतं तो त्या गल्लीत येतच नाही.

आणि माझं मत कुठे असावं?

मी ११ वर्षं पुण्यात राहतोय. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० म्हणतो की माणूस जिथला सामान्य रहिवासी आहे तिथे त्याचं नाव असावं, आणि एकापेक्षा जास्त मतदारसंघांत असू नये. गावात स्वतःचं घर आहे एवढ्यावर तिथला रहिवासी ठरत नाही, हेही त्याच कायद्यात लिहिलेलं आहे. ऊसतोडीला सहा महिने गेलेला मजूर तात्पुरता बाहेर असतो, त्याचं नाव गावातच हवं. मी तात्पुरता बाहेर नाही.

तरी मी नाव हलवत नव्हतो. एक कारण भावनेचं, दुसरं अम्मीचं. २०१९ ला सीएए-एनआरसीच्या दिवसांत तिने घरातले सगळे कागद एका ट्रंकेत भरून ठेवले ते अजून तिथेच आहेत. २०२५ ला बिहारमध्ये मतदार यादीचं विशेष सखोल पुनरीक्षण झालं, लोकांना २००३ च्या यादीत स्वतःचं किंवा आईबापाचं नाव दाखवावं लागलं, तेव्हा तिचा फोन आला: "तेरे अब्बा का नाम यहाँ की लिस्ट में है. यहाँ से मत निकाल." तिच्या भीतीला हसण्यासारखं काही नाही. पण मी तिला समजावून सांगितलं की नाव एका मतदारसंघातून दुसऱ्यात हलवलं म्हणून अब्बांचं नाव जुन्या यादीतून पुसलं जात नाही. मी त्या जुन्या यादीतलं पान काढून, प्रिंट करून तिच्या ट्रंकेत ठेवलं. तुम्हीही आपल्या घरच्यांसाठी हे करून ठेवा. याला पैसे लागत नाहीत, आणि म्हाताऱ्या माणसांना झोप लागते.

खरं कारण तिसरं होतं, आणि ते कबूल करायला मला वेळ लागला. गावातलं मत मला बरं वाटत होतं. पाच वर्षांतून एकदा जायचं, चाचांशी वाद घालायचा, शाईचं बोट दाखवत फोटो टाकायचा आणि रात्रीच्या गाडीने परत. निकाल काहीही लागो, दुसऱ्या दिवशी तहसीलमध्ये मला उभं राहायचं नव्हतं. २,४२० चा आकडा आला तेव्हा मी विचार केला की माझ्यासारखे पुण्या-मुंबईत, नाशकात राहणारे, गावात फक्त मतदानाला येणारे किती असतील? ज्यांना त्या निकालाबरोबर रोज जगायचं आहे त्यांचा निर्णय आम्ही फिरवू शकतो, आणि आम्हाला त्याचं काहीच सोसावं लागत नाही.

उलट पुण्यात मी राहतो त्या प्रभागात माझं नाव नसल्याने मला कुणी विचारत नाही. आमच्या सोसायटीत मुस्लिम कुटुंबं मोजकीच आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांची नावं माझ्यासारखीच कुठल्या तरी गावात. आम्ही कर भरतो, भाडं भरतो, आणि मतदार म्हणून तिथे अस्तित्वातच नाही. मग घर भाड्याने देताना नाव ऐकून नकार मिळाला तर तक्रार घेऊन जायचं कुणाकडे?

म्हणून मी फॉर्म ८ भरून नाव पुण्याला हलवलं. चाचांना सांगितलं तर म्हणाले, "अच्छा, अब तू पुणे का हो गया." थोडे रागावले होते. पण पुढच्याच वाक्यात म्हणाले की मग आता नगरपरिषदेच्या कागदांचं काम तूच कर, आमच्यापैकी कुणाला त्या वेबसाइटवर काही सापडत नाही.

ते काम मी घेतलं आहे. माझा चुलतभाऊ गावातच राहतो, त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. आम्ही दोघांनी मिळून आमच्या वॉर्डातल्या गटारी आणि नळासाठी किती मंजूर झाले, किती खर्च झाले, याचा माहिती अधिकारात अर्ज तयार केला. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. गावांत ग्रामसभा असते तशी शहरांत क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आहे, राज्यभर ती बहुतेक कागदावरच राहिली आहे. तिची मागणी कुठे आणि कशी करायची, तेही शोधतोय. निराधारच्या अर्जाला लागणाऱ्या कागदांची यादी त्याने दुकानाच्या काचेवर मराठी आणि उर्दूत लावली आहे. लोक मोबाइल दाखवायला येतात आणि यादीचा फोटो काढून नेतात. त्यात मुसलमान असतात, तसे मिरचीच्या गाडीबरोबर आलेले शेतकरीही असतात.

चाचा पुढच्या निवडणुकीतही माणूस पाहूनच मत देतील. तो त्यांचा हक्क आहे आणि त्यांच्याकडे त्याची कारणं आहेत. मला एवढंच हवं आहे की त्या दिवशी त्यांच्या हातात त्या वॉर्डाच्या हिशोबाचा एक कागदही असावा. तुम्ही पुण्यात, मुंबईत, हैदराबादेत, दुबईत असाल आणि तुमचंही गाव सिल्लोडसारखंच असेल, तर गावाला मत कसं द्यावं हे सांगायच्या आधी तो कागद मिळवून द्या. आणि पुढच्या वेळी घरी जाल ते मतदानाच्या दिवशी न जाता, तहसील उघडं असेल अशा एखाद्या साध्या मंगळवारी जा.